फक्त आजच्यापुरतं

एलिसेओ,
तुझा पासवर्ड आज पहाटे मी बदलला.
खरं तर बदलला नाही, काढूनच टाकला.
कंटेनरच्या इमेजमध्ये, आठव्या थरात,
दोरीवर वाळत घातलेल्या बनियनसारखा
उघड्यावर लटकत होता तो:
पोर्फियादा, आणि पुढे सत्त्याऐंशी.
बोट तू विकलीस, चिलोएला लेकीकडे राहायला गेलास;
तिचं नाव मात्र इथेच चाकरीला राहिलं,
कोळ्यांच्या सोसायटीचा हिशेब सांभाळत.

खिडकीखाली सान आंतोनियोचं बंदर.
तिथले कंटेनर लोखंडी,
प्रत्येकाच्या कडीला सील.
आमचा दिसत नाही.
दिवसातून चारदा मरतो, चारदा जन्मतो,
आणि जन्मल्या जन्मल्या एकच विचारतो: डेटाबेस कुठाय?
डेटाबेस सांतियागोत, भाड्याचा.
त्याचं दुखणंखुपणं दुसरेच बघतात.
दार कुठे ठेवायचं, तेवढं आपल्यावर.
तू ते ठेवलंस भर रस्त्यावर.
चार शून्यं, म्हणजे
या, सगळं जग या.

लॉग कधी वाचलास?
रात्रभर कोणी ना कोणी कडी वाजवायचं.
अ‍ॅडमिन आहे का घरात?
रूट आहे का?
एक दोन तीन चार पाच सहा आहे का?
सात वर्षं कुणाला पोर्फियादा सुचली नाही
हे आपलं नशीब, हुशारी नव्हे.

दोन वाजता मी रस्त्याकडचं दार चिणलं.
आतून एक बोळ काढला, दोघांनाच ठाऊक असलेला.
पासवर्डच्या जागी ओळख ठेवली:
कंटेनरने सांगायचं मी कोण,
मग त्याला पंधरा मिनिटांचा परवाना,
चोराने खिशात घालेपर्यंत शिळा होणारा.
सगळं मनासारखं झालं.
आणि सगळं बंद पडलं.

तीन चाळीस. बोटी धक्क्याला लागलेल्या,
समुद्रसिंह केकाटताहेत,
नोल्बेर्तोचा फोन: हिमेना, मासे आहेत, काटा आहे,
तुझी स्क्रीन पांढरीफटक.
पुठ्ठ्यावर लिही, म्हटलं.
तो काही बोलला नाही.
त्याचं न बोलणं सगळ्या धक्क्याला ऐकू जातं.

एरर एवढीच: प्रमाणपत्रावरचं नाव जुळत नाही.
जुनी फाइल उघडली, आणि तिथे तू भेटलास.
तपासणी बंद केलेली,
शेजारी तुझी टिप्पणी:
फक्त आजच्यापुरतं. उद्या काढतो.
तारीख सात वर्षांपूर्वीची, मंगळवारची.
त्या रात्रीही बोटी आल्या असणार.
त्या रात्रीही धक्क्यावरून कुणीतरी
काहीच न बोलता फोन धरून उभं असणार.
दोन वाजल्यापासून तुला शिव्या घालत होते,
त्या तिथे थांबल्या.

एका शब्दाचं काम होतं, एलिसेओ.
तुझाच शब्द परत टाकला असता
तर मासे बर्फात गेले असते आणि मी अंथरुणात.
तुझी बोट विकली गेली,
माझं बोट कळीवर अडून राहिलं.
चहा केला. प्यायले नाही. पुन्हा वाचलं.
चूक माझीच.
नावाच्या जागी मी आकडा दिला होता,
घर नंबर पाठ आहे म्हणून
पाटी न वाचता आत घुसणाऱ्यासारखा.
नाव लिहिलं, पूर्ण, टिंबांसकट.

चार बावन्न.
समोरच्याने प्रमाणपत्र पुढे केलं,
आपल्याने ते वाचलं, सही पारखली,
मगच तोंड उघडलं.
मेर्लुसा, दोनशे चौदा किलो, बोट सांता एदुविहेस.

सकाळी नोल्बेर्तोने पुठ्ठा आणून टाकला.
मार्कर ओलीने फुटलेला, एका तीनचा आठ झालेला.
त्या आठावरून अर्धा तास भांडण,
आठ कुणाचा हे ठरेपर्यंत पाव संपला.

आता लॉग उघडून बसले आहे.
कडी वाजत नाही.
एवढ्या शांततेची सवय नाही, म्हणून पुन्हा पुन्हा बघते.
रविवारी फोन करीन.
नवा पासवर्ड विचारू नकोस,
मलाही माहीत नाही, कारण तो नाहीच.

तुझी टिप्पणी तेवढी राहू दिली आहे.
तिने आता काही उघडत नाही.
उद्या काढते.